दम लागला, असं म्हणायचं नाही

पन्नाशी उलटली की मनगटावर ते पावलं मोजणारं घड्याळ बांधा आणि रविवारी पहाटे आतकरवाडीतून सिंहगड चढायला घ्या. पस्तीस मिनिटांत वर पोचणारे एक गृहस्थ प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असतात. त्यांनी तुमच्याहून दहा वर्षांनी मोठं असणं सक्तीचं आहे.

दम लागला तर 'जरा फोटो काढतो' म्हणायचं. बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधणं हाही खात्रीचा उपाय, पण एका चढाईत तीनदाच. चौथ्यांदा वाकलो तेव्हा आमची ही म्हणाली, "नवे बूट घ्या हो."

घड्याळ रोज 10,000 पावलं मागतं. हा आकडा काही धन्वंतरीने सांगितलेला नाही. 1965 साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच दहा हजार होते. असेनात! रात्री अकराला 9,640 दिसली की पलंगाभोवती फेऱ्या मारायच्या. घरच्यांना चोर शिरल्यासारखं वाटतं, वाटू द्या. हृदयाच्या ठोक्यांचा हिशोब मिनिटाला जास्तीत जास्त 220 वजा वय, म्हणजे बावन्नाव्या वर्षी 168. हा नुसता ढोबळ अंदाज आहे, असं डॉक्टर सांगतात. डॉक्टरांना काय, ते लिफ्टने जातात.

गुडघा कुरकुरला तर दुर्लक्ष करा. उतरताना त्याच्यावर अंगाच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो म्हणे. पण गुडघे दोन आहेत, इज्जत एकच.

फक्त अर्ध्या वाटेवर ताकवाल्या मावशींपाशी टेकू नका. मी एकदा टेकलो, म्हणजे गुडघ्यानेच बसवलं. मावशींनी काकडी उभी चिरून तिखटमीठ चोळून हातात दिली. खाली खडकवासल्याचं पाणी चकाकत होतं. 22 वर्षं या वाटेने जातोय, पण मला आजवर फक्त पुढच्याच्या टाचा दिसल्या होत्या. ही शेजारी येऊन बसली आणि आम्ही चक्क गप्पा मारल्या, त्याही गृहकर्जाचा विषय न काढता.

"वर न्हाई जायाचं?" मावशींनी विचारलं.

"नाही जमणार आज," मी म्हणालो. मोठ्याने. वरचं मडक्यातलं दही बुडालं, पण गड होता तिथेच राहिला.

घड्याळ थरथरलं, 'उठा, हालचाल करा.' ते काढून खिशात टाकलं आणि आणखी दोन ताक सांगितली.

ग्रुपवर मात्र 'पस्तीस मिनिटं' असंच कळवलं. बसलोच होतो तेवढी.