खुलासा : बंदी उठली, तरी पुस्तक मिळत नाही ते का?

‘पुण्याच्या भांडारकर संस्थेवरील हल्ल्याशी जोडलेल्या जेम्स लेन यांच्या पुस्तकावर आजही बंदी आहे, प्रत बाळगणाऱ्याला अटक होते,’ असा मजकूर फिरतो आहे. हे पुस्तक म्हणजे अमेरिकी अभ्यासक लेन यांचं शिवाजी महाराजांवरचं इंग्रजी पुस्तक. मजकुरातली दोन्ही विधानं चुकीची आहेत.

हल्ला ५ जानेवारी २००४ चा. शासनाची बंदी त्याच महिन्यात आली. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये बंदीची अधिसूचना रद्द केली आणि ९ जुलै २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. कोणत्या समाजगटांत वैर वाढतं, हेच अधिसूचनेत सांगितलेलं नव्हतं. ‘भावना दुखावल्या’ एवढं कारण कायद्याला पुरत नाही.

मग प्रत का दिसत नाही? प्रकाशकाने ती नोव्हेंबर २००३ मध्येच, म्हणजे बंदीच्या आधीच, भारतातून मागे घेतली होती. हे नीट लक्षात घ्यायला हवं. अशी माघार कुठल्याही राजपत्रात येत नाही, म्हणून तिच्याविरुद्ध अपील करायलाही जागा नसते.

सरकारी बंदीला मात्र वाट आहे. आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, कलम ९८ खाली घातली जाते. अधिसूचनेत कारणं द्यावीच लागतात. पोलीस प्रती जप्त करू शकतात, पण घरात शोध घ्यायला दंडाधिकाऱ्यांचं वॉरंट लागतं. नुसती प्रत बाळगण्याला या कलमात शिक्षा नाही. पुस्तकात हितसंबंध असलेली कोणीही व्यक्ती राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून दोन महिन्यांत कलम ९९ खाली उच्च न्यायालयात जाऊ शकते. पुढे मुदत टळते.

ग्रंथपालांनी कुणाच्या फोनवरून पुस्तक कपाटातून काढू नये. अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख लेखी मागावी.