इथे काही नाही हो

‘यंदा गर्दी नसलेला समुद्र’ हा ठराव आमच्या घरात एकमताने मंजूर झाला. एकमत झालं ते तेवढंच.

केळशीचं नाव मीच काढलं. दापोली तालुका, वाळूची भलीमोठी टेकडी, महालक्ष्मीचं देऊळ आणि रिकामा किनारा. रिकामा म्हणताच प्रत्येकाला तिथे काहीतरी ठेवावंसं वाटू लागलं. चिरंजिवांना बनाना राईड, हिला किनाऱ्याजवळ स्वच्छ बाथरूम, मेहुण्याला सुरमईची थाळी, आईला सावलीत खुर्ची आणि दर तासाला चहा. बेरीज केली तर उत्तर काशीद आलं. सुट्टीतलं, रविवारचं काशीद.

शेवटी राहण्याची सोय करणाऱ्या एका काकांना फोन लावला.

“किनाऱ्यावर काय काय आहे?”

“समुद्र आहे.”

मी थांबलो. पुढे काही येईना.

“आणखी?”

“सुरू आहे.”

काय सुरू आहे ते ऐकायला मी कान टवकारले. झाडं निघाली.

“मासे मिळतील?”

“आमच्याकडे नाही हो. कुळथाचं पिठलं मिळेल. आधी सांगितलंत तर मोदक. बाकी इथे बघण्यासारखं काही नाही.”

आजवर एकाही हॉटेलवाल्याने मला इतकं खरं सांगितलेलं नाही. तिथेच माझं मन बसलं. मेहुण्याचं उठलं.

मग आईने भरतीची वेळ विचारायला लावली. मी मोबाईलमध्ये शोधू लागलो तर काका म्हणाले, “तिथीची पाऊणपट करा. चौथ असली तर चार पाऊण तीन.” कालनिर्णय काढलं. आम्ही पोचणार तो दिवस नेमका वद्य चतुर्थीचा. म्हणजे दुपारी तीनला पूर्ण भरती, तीही मे महिन्यात, वाळूवर पापड भाजून निघतील अशा वेळी. सकाळी नऊला जावं तर ओहोटी. समुद्र भेटायला आपणच अर्धी वाट चालायची.

पण आईचे डोळे चमकले. “म्हणजे संकष्टी! आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती तिथून जवळच ना?” चहा-खुर्चीची मागणी तिने जागच्या जागी मागे घेतली. उपासामुळे सुरमईचा प्रश्नही निकालात निघाला, निदान आईपुरता. मेहुणा म्हणाला, “भाऊजी, उपास त्यांचा, शिक्षा मला?” ताम्हिणीच्या वळणांवर चिरंजीव किती वेळा गाडी थांबवायला लावतील, यावर हिने वेगळीच चर्चा उघडली. ती अजून चालू आहे.

काल रात्री काकांचाच फोन आला. मला वाटलं, ॲडव्हान्स मागतायत.

“येताय की नाही तेवढं सांगा. आलात तर आनंद, नाही आलात तरी राग नाही. पण झाडावर एक फणस तयार आहे. तो उतरवायचा की ठेवायचा, यावरून आमच्याकडे चार दिवस भांडण चाललंय.”


“उद्या सांगतो,” म्हणालो.