ड्रोनला पाणी दिसते, अळ्या दिसत नाहीत
ड्रोनच्या छायाचित्रांवरून हिवतापाचा धोका आधीच ओळखता येईल, हे लेखातील प्रतिपादन मला बव्हंशी मान्य आहे. मात्र त्यात बदलती जमीन टिपणे आणि डासांच्या पैदाशीची ठिकाणे शोधणे या दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. मलेशियातील सबाह राज्यात, माकडांकडून माणसांत येणाऱ्या प्लास्मोडियम नोलेसी या परजीवीमुळे होणाऱ्या हिवतापाच्या अभ्यासात ड्रोन वापरले गेले, ते प्रामुख्याने जंगलतोड आणि पाम तेलाच्या लागवडी यांमुळे झपाट्याने बदलणारी जमीन टिपण्यासाठी. लँडसॅट उपग्रहाच्या चित्रातील एक ठिपका साधारण ३० मीटर लांबी-रुंदीचा असतो आणि विषुववृत्तीय प्रदेशात ढगांमुळे स्वच्छ चित्र मिळणे अवघड जाते. ढगांखालून उडणारा ड्रोन मात्र काही सेंटिमीटरपर्यंतचा तपशील हव्या त्या दिवशी देतो (पाऊस आणि वारा नसेल तर, हे ओघाने आलेच).

डासांच्या पैदाशीची ठिकाणे शोधणे हे वेगळे काम आहे. उघड्यावरचे डबके वरून दिसते, दाट झाडीखालचे दिसत नाही, आणि डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती तर पिंपे, कुंड्या, टायर अशा ठिकाणी, अनेकदा छपराखालीच, अंडी घालतो. शिवाय दिसलेल्या प्रत्येक पाण्यात अळ्या असतीलच असे नाही. त्यासाठी लांब दांड्याच्या पळीने पाणी काढून अळ्या मोजणारा माणूसच लागतो. लेखातील नकाशावर धोक्याची म्हणून लाल दाखवलेल्या किती ठिकाणी अशी मोजणी झाली, हे लेखात यायला हवे होते.