राज्यकराची नोटीस आणि ‘उत्तरच देऊ नका’वाले

“स्टेट जीएसटीला तुमच्या धंद्याचा खर्च विचारायचा अधिकारच नाही. उत्तर दिलं की चूक कबूल केल्यासारखं होतं. 30 दिवस गप्प बसा, नोटीस आपोआप रद्द. पोस्टाने आली नसेल तर ती खोटी. बिलं नसली तरी बँक स्टेटमेंट चालतं. गाडी, जेवण, हॉटेल सगळं धंद्याचंच.” हा मेसेज नाशिकमधल्या धंदेवाल्यांच्या ग्रुपवर फिरतोय आणि फिरेना का, मला काय, असं म्हणून मी सोडून दिला होता. पण इंदिरानगरला राहणारा माझा मावसभाऊ, लग्नाचे फोटो-व्हिडिओ करतो, त्याला राज्यकराची, म्हणजे स्टेट जीएसटीची, खरीखुरी एएसएमटी-10 नोटीस आलीये, आणि उत्तर लिहायचं सोडून त्याने हाच मेसेज मला पाठवला, “दादा, मग राहू देऊ ना?” राहू देऊ म्हणे!

आधी ते ‘गप्प बसा’ घेतो, कारण माणूस त्यानेच बुडतो. एएसएमटी-10 ही पैशाची मागणी नाहीच, तुमच्या रिटर्नमध्ये काहीतरी जुळत नाहीये, खुलासा द्या, एवढंच. जीएसटी कायद्याचं कलम 61 उघडा, त्यात 30 दिवस दिलेत ते तुम्हाला खुलासा करायला, नोटीस मरायला नाही. मुदत वाढवून मागता येते, तीही लेखी. खुलासा एएसएमटी-11 मध्ये पोर्टलवर टाकायचा, पटला तर अधिकारी एएसएमटी-12 देतो आणि विषय तिथेच बंद. गप्प बसलात तर पुढची पायरी डीआरसी-01, म्हणजे कारणे दाखवा. तिथेही गप्प, तर डीआरसी-07, म्हणजे ऑर्डर, आणि ती एकतर्फी, कारण तुम्ही बोललाच नाहीत. मग अपिलाला 3 महिने, त्यासाठी वादातल्या टॅक्सचे 10 टक्के आधी भरायचे. तेही नाही केलं तर बँकेला डीआरसी-13, म्हणजे तुमच्या खात्यातून वसुलीची नोटीस, जाते आणि ऐन लग्नसराईत अकाउंटमधून पैसे निघत नाहीत. हा मेसेज लिहिणारा तेव्हा येणारे का भरायला?

आणि उत्तर म्हणजे कबुली, हे कुठून काढलं देव जाणे. ‘मला हे मान्य नाही, ही कारणं, ही बिलं’ असं लिहिणं म्हणजे कबुली होय?

‘अधिकारच नाही’ यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करतो. तुमचा नफा किती, घरभाडं धंद्यात का दाखवलं, हे इन्कम टॅक्सवाले बघतात, राज्यकराचा त्याच्याशी थेट संबंध नाही. पण त्याच खर्चावरचा जीएसटी तुम्ही इनपुट क्रेडिट म्हणून वजा करून घेतलात ना, की तो विचारणारच. आणि तिथे कलम 155 एका वाक्यात सगळं मिटवतं: क्रेडिट जो मागतो, सिद्ध करायची जबाबदारी त्याची. अधिकाऱ्याची नाही. बँक स्टेटमेंटचा मुद्दाही यातच गेला, कारण त्याने पैसे गेले एवढंच दिसतं, कशाचे आणि त्यात टॅक्स किती हे टॅक्स इन्व्हॉइसच सांगतं. दोन्ही जोडा, पण नुसत्या स्टेटमेंटवर काही होत नाही.

आता ‘सगळं धंद्याचंच’. कॅमेरा, लेन्स, एडिटिंगचा कॉम्प्युटर, अल्बम प्रिंटिंग, बिनधास्त घ्या, फक्त बिलावर तुमचा जीएसटी नंबर हवा आणि ते पोर्टलवरच्या जीएसटीआर-2बी मध्ये, म्हणजे विकणाऱ्यांनी दाखवलेल्या बिलांच्या यादीत, दिसायला हवं. पण कार? शूटला गंगापूर डॅमला जाऊ दे नाहीतर द्राक्षाच्या मळ्यात, फोटोग्राफरला कारवर क्रेडिट नाही, कलम 17(5) मध्ये सरळ लिहिलंय. (इन्कम टॅक्समध्ये तिचा घसारा मिळतो, तो वेगळा विषय, लोक दोन्हीची खिचडी करतात.) टीमच्या जेवणाचंही तेच, नाही. हॉटेलमध्ये मात्र गंमत आहे: शूटसाठी महाबळेश्वरला राहिलात तर क्रेडिट मिळतं, गोव्याला राहिलात तर नाही, कारण तिथे गोव्याचा टॅक्स लागतो आणि तो महाराष्ट्रातल्या नोंदणीवर वळत नाही. धंद्याचा खर्च म्हणून दोन्ही खरेच.

पोस्टाचं तर सोडाच. कलम 169 प्रमाणे ईमेल आणि पोर्टल दोन्ही चालतं. खोट्या नोटिसा येतात हे खरंय, म्हणून लिंकवर क्लिक न करता स्वतः लॉगिन करून बघा, आणि ‘ॲडिशनल नोटिसेस’चा टॅबही उघडा, तिकडे कोणी फिरकत नाही आणि नेमकी तिथेच पडलेली असते.

भावाला सांगितलंय, कॅमेरा आणि प्रिंटिंगचं एक-एक बिल लावून उत्तर दे. कार, जेवण आणि गोव्याचं हॉटेल यांचं क्रेडिट भांडत न बसता डीआरसी-03 ने, म्हणजे स्वतःहून पैसे भरायच्या फॉर्मने, परत कर, जेवढं वापरलं गेलं असेल तेवढ्यावर 18 टक्क्यांनी व्याज भर आणि त्याची पावती एएसएमटी-11 ला जोड.