एवढं वर कोण बघतं म्हणे!

काल संध्याकाळी हॉलच्या फॉल्स सीलिंगमधली एलईडी पट्टी पहिल्यांदा लावली आणि माझं डोकंच फिरलं. मधला खोलगट चौकोन, त्याच्या कडेने उजेडाची सरळ रेघ यावी म्हणून तर केला होता हा सगळा खटाटोप! रेघ आली ती गांडुळासारखी. चार कोपऱ्यांपैकी एकही गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही. खिडकीकडच्या कोपऱ्यात तर पुट्टीचा नुसता गोळा थापलाय.

स्टुलावर चढून नखाने खरवडलं. भसकन पांढरी भुकटी डोळ्यात, आणि आत जिप्सम बोर्डाची उघडी कापलेली कड, कागदाच्या चिंध्या लोंबतायत. कड सरळ राहावी म्हणून तिच्यावर बसवतात तो काटकोनी कॉर्नर बीड कुठंय? बिलात 34 रनिंग फूट लावलाय, पत्र्याचा! फ्रिजवरचं लोहचुंबक काढलं आणि कडेकडेने फिरवलं. दारावरच्या बाजूला सहा-सात फूट चिकटलं. बाकी तिन्ही बाजूंना हात सोडला की खाली.

ठेकेदाराला तिथल्या तिथे फोन लावला. म्हणे, "ताई, एवढं वर कोण बघतं?" मी बघते! "मग ती पट्टी लावूच नका ना रोज. मोठे दिवे लावा, काही दिसत नाही." बीडचं विचारलं तेव्हा दोन सेकंद गप्प. आणि मग काय म्हणावं या माणसाने? "साहेबांना द्या जरा फोन, त्यांना समजावतो."

साहेबांना! दीड महिना रजा टाकून धुळीत उभी कोण होती? माप कोणी घेतलं, बोर्ड साडेबारा एमएमचाच आलाय का ते कोणी मोजलं, दर शनिवारी पैसे कोणाच्या खात्यातून गेले? साहेब साइटवर फार तर दोनदा आले असतील. पैसे मागताना ताई चालते, चोरी पकडली की साहेब हवेत. रात्रभर तेच एक वाक्य डोक्यात घणासारखं बसत होतं.

आणि मी आधीच सांगितलं होतं हो! कोपऱ्यात दोन इंची कागदी टेप मधोमध दुमडून सांधे भरायच्या कंपाउंडमध्ये बसवा. एका अंगाला कंपाउंडचा हात ओढा, ते सुकू द्या, मग दुसरं अंग. एकावर एक तीन हात. एकेका हाताला सुकायला दिवस जातो, या पावसात त्याहून जास्त. पण यांना संध्याकाळी दुसरी साइट गाठायची असते. मग टेपही नाही, कंपाउंडही नाही, सरळ पीओपी कालवून भरलं. ते अर्ध्या तासात धरतं, लगेच पॉलिश पेपर मारायचा, रंगारी वरून प्रायमर फासून मोकळा. आता दोन कोपऱ्यांत केसाएवढी चीर आहेच. घासताना मोबाइलचा टॉर्च भिंतीला लावून आडवा धरला असता तरी सगळे उंचवटे दिसले असते. पण बघायचंच नाही ना!

बाथरूमचा उतार दाराकडे काढला तेव्हाही "होऊन जाईल ताई." स्वयंपाकघरात ओट्यासमोरची फरशी पोकळ वाजते, तेव्हाही "होऊन जाईल." बेडरूमचा स्विचबोर्ड दाराच्या मागे गेला, तिथेही तेच. काय होऊन जातं? तुमचं काम होऊन जातं, आणि मी पुढची पंधरा वर्षं त्या छताखाली बसते. हे दोन शब्द पुन्हा कोणी माझ्या घरात उच्चारले तर मी त्याला दाराबाहेर काढीन.

सकाळी त्याचा पोरगा पुट्टीची बादली घेऊन हजर. "टचअप करून देतो." हात लावू दिला नाही. त्या पोराला चहा दिला, त्याचा काय दोष, आणि बादलीसकट परत पाठवला. सगळे कोपरे बोर्डापर्यंत खरवडून निघणार. बीड आणि टेप मी स्वतः दुकानातून आणून हॉलमध्ये ठेवलेत, मोजून. शेवटचा हप्ता माझ्याकडे आहे, आणि तो रात्री दिवे बंद करून, टॉर्च आडवा धरून, मी चारही कोपरे बघितल्यावरच सुटेल. साहेबांना फोन मिळणार नाही.