'खडीसाखर' यांना उत्तर, राईडमध्ये गोष्ट शोधणाऱ्या माणसाकडून

खडीसाखर यांस,

साहेब की मॅडम ते कळायला मार्ग नाही. आयडी गोड आहे, भाषा कारल्याची, त्यामुळे अंदाज पण करता येईना. डिस्ने वर्ल्डमधल्या टियानाच्या (डिस्नेच्या सिनेमातली राजकन्या) नव्या पाण्याच्या राईडवर मी लेख लिहिला होता, की बाहुल्या छान पण गोष्टच नाही, पैसे पाण्यात. त्याखाली तुम्ही जे लिहिलंय त्याला तिथेच उत्तर द्यायला बसलो होतो पण ते मारुतीच्या शेपटासारखं वाढत गेलं, म्हणून वेगळी पोस्ट टाकतोय. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी तुमची कमेंट जशीच्या तशी देतो, उद्या काटछाट केली म्हणायला नको:

"लेख वाचला. ड्रॉप ७० नाही, ५० फुटांचा आहे. डिस्ने एकेका राईडचा खर्च जाहीर करत नाही, मग 'पैसे पाण्यात' कशावरून? ट्रॅक आणि डोंगर तर जुनाच आहे. जुनी राईड ज्या सिनेमावर होती तो सिनेमा कंपनी स्वतः दाखवत नाही, हे तुम्ही सोयीस्कर गाळलंत. आणि राईडमध्ये बसून गोष्ट शोधणाऱ्या माणसाला मजा करताच येत नाही, अशांनी घरी बसून पुस्तक वाचावं."

पहिलं मान्य. होडी वरून खाली पडते तो ड्रॉप ५० फूटच. ७० कुठून लिहिलं मलाच माहीत नाही, वरून खाली बघताना वाटले असतील. लेखात दुरुस्ती केलीय, तुमचे आभार. चूक झाली की मी कबूल करतो, इथे दहा वर्षं वाचणाऱ्यांना ते माहितीय.

आता ते शेवटचं वाक्य. म्हणजे बघा, मुद्दा पटला नाही तर नाही पटला, सांगा की. पण "घरी बसून पुस्तक वाचावं" हे काय बोलणं झालं? समोरासमोर असतो, हातात चहा असता, तर बोलला असता का असं? मोबाईलवर अंगठा चालतो म्हणून चालवायचा. बरं पुस्तक वाचणं ही शिक्षा कधीपासून झाली तेही सांगा.

आणि मजा करता येत नाही म्हणे. अहो, मी इचलकरंजीचा. वडील यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे होते. एक्याण्णव-ब्याण्णवच्या आसपास आमच्या गल्लीतलं मंडळ गणपतीत हलते देखावे करायचं आणि त्यातलं 'हलतं' जे असायचं ते वडिलांच्या आणि माझ्या हातचं. भंगारातून आणलेली जीपच्या वायपरची मोटर, मागाचे जुने गियर, सायकलची चेन, आणि वर पीओपीचा अफजलखान. ॲनिमॅट्रॉनिक्स, म्हणजे यंत्रावर हलणाऱ्या बाहुल्या, हा शब्द मी अमेरिकेत येऊन ऐकला पण काम त्याआधीच करून झालेलं. खान मिठी मारायला हात पसरायचा, महाराजांचा हात वर यायचा, टेपवरचा आवाज थांबायचा, दोन सेकंद काहीच नाही, गर्दीत पण कुणी हलायचं नाही, आणि मग खान धाडकन मागे. ती दोन सेकंद बसवायला आम्ही तीन रात्री जागलो होतो. टेप एकीकडे पळायची आणि मोटर दुसरीकडे. लोक एकदा बघून परत रांगेला लागायचे. खर्च म्हणाल तर गल्लीची वर्गणी, तीही निम्मी आलेली.

पुढच्या वर्षी एका देणगीदाराने सढळ हाताने पैसे दिले. मग काय, कार्यकर्त्यांनी धबधबा केला, कारंजं केलं, रंगीत लाइटं, पिसारा फुलवणारा मोर. मोटरी सगळ्या नव्याकोऱ्या. लोक यायचे, "छान केलंय" म्हणायचे आणि चालता चालताच पुढच्या मंडळाकडे. कुणी थांबेना. वडील म्हणाले, "मोर चांगलाय, पण त्याला काम काय आहे?" एवढंच म्हणाले. टियानाच्या राईडमधून ओला होऊन बाहेर आलो तेव्हा माझ्या डोक्यात हेच वाक्य होतं, आणि लेख पण त्यातूनच आला. तेव्हा मजा कशी येते आणि कशाने जाते हे मला शिकवायच्या आधी जरा विचारायचं होतं.

ज्यांनी दोन्ही राईड बघितल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डमधल्या मॅजिक किंगडम पार्कमध्ये १९९२ पासून स्प्लॅश माउंटन होती, जानेवारी २०२३ ला बंद केली, आणि २८ जून २०२४ ला त्याच डोंगरावर टियानाज बायू ॲडव्हेंचर सुरू झाली. जुन्या राईडमध्ये एक आगाऊ ससा होता, घर सोडून भटकायला निघालेला. कोल्हा आणि अस्वल त्याच्या मागावर. शेवटी तो सापडतो, बांधला जातो, आपली होडी चढावर कटकट करत वर चाललीय आणि वरून दोन गिधाडं आपल्यालाच टोमणे मारतायत. ससा गयावया करतो, काही पण कर बाबा पण त्या काटेरी झुडपात टाकू नको. आणि कोल्हा नेमका तिथेच टाकतो. तो फेकला जातो म्हणजे आपण फेकले जातो. खाली आल्यावर कळतं की काट्यातच तो लहानाचा मोठा झालाय, कोल्हा फसला. मी २०११ ला पहिल्यांदा बसलो तेव्हा या सशाची कथा मला कुणी सांगितली नव्हती, तरी सगळं कळलं. पंचतंत्र ऐकून मोठा झालेल्या माणसाला कोल्हा फसलेला लगेच कळतो.

नव्या राईडमध्ये काय आहे? टियानाला मार्डी ग्राच्या, म्हणजे न्यू ऑर्लिन्सच्या मोठ्या सणाच्या, पार्टीसाठी वाजवणारे हवेत. लुई मगर आणि आपण बायूत, म्हणजे त्या दलदलीच्या पाणथळ भागात, प्राणी-वादक शोधायला जातो. ते सापडतात. मामा ओडी नावाची जादू करणारी म्हातारी आपल्याला बेडकाएवढं करते, मग परत मोठं करते, मग ५० फूट (बघा, बरोबर लिहिलं) खाली, मग पार्टी. का पडलो? पार्टीला उशीर होऊ नये म्हणून. टियानाच्या मूळ २००९ च्या सिनेमात डॉक्टर फॅसिलिये नावाचा चांगला सणसणीत खलनायक आहे, तो राईडमध्ये औषधाला नाही. आणि गंमत म्हणजे न्यू ऑर्लिन्ससारख्या सपाट मुलखात डोंगर कुठून आला याचं उत्तर त्यांनी शोधून काढलंय, तो म्हणे मिठाच्या खाणीचा उंचवटा, तिथे टियानाने कामगारांच्या मालकीची सहकारी संस्था काढली, टियानाज फूड्स. आता सहकारी संस्थेत गोष्ट कशी असते हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणसाला कुणी सांगायला नको, एकेका संचालक मंडळावर तीन-तीन राईड होतील. पण डोंगराला कारण दिलं आणि पडण्याला नाही दिलं. माझी तक्रार फक्त एवढीच आहे हो.

टियानाची बाहुली अप्रतिम आहे, ते मी लेखातच लिहिलं होतं, ती तुमच्या डोळ्यात बघून बोलते आणि हात असे वळवते की मी वाकून सांधा शोधत होतो. ते वाक्य तुम्हाला दिसलं नाही, ७० बरोबर दिसले.

खर्चाचं म्हणाल तर 'पैसे पाण्यात' हा शब्दखेळ होता, पाण्याची राईड आहे म्हणून. विनोद फोड करून सांगावा लागला की मेला. हो, आकडा जाहीर नाही. पण कंपनीनेच सप्टेंबर २०२३ मध्ये सांगितलंय की पार्क आणि क्रूझवर दहा वर्षांत ६० अब्ज डॉलर घालणार, आणि २०२४ मध्ये मॅजिक किंगडमचं एका दिवसाचं तिकीट १२४ पासून १८९ डॉलरपर्यंत होतं, पार्किंगचे ३० वेगळे. आकडा माहीत नसला तरी बिल कुणाच्या खिशातून जातंय ते कळतं. ट्रॅक जुना, डोंगर जुना हे तर उलट माझ्याच बाजूचं झालं, म्हणजे नवे पैसे बाहुल्यांवर आणि सजावटीवरच गेले ना? आणि अजून एक ऐका. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये १९८९ ला पहिली स्प्लॅश माउंटन उघडली तेव्हा तिच्यातल्या बऱ्याचशा बाहुल्या सेकंडहँड होत्या, अमेरिका सिंग्ज नावाचा तिथलाच बाहुल्यांचा शो १९८८ ला बंद झाला त्यातून उचललेल्या. जुन्या बाहुल्यांना नवी गोष्ट दिली आणि तीस वर्षं रांगा लागल्या. वायपरच्या मोटरवाल्याला हे बरोबर कळतं.

राहिलं सिनेमाचं. जुनी राईड ज्यावर होती तो १९४६ चा 'साँग ऑफ द साउथ', गुलामगिरीनंतरच्या दक्षिणेचं गोडगोड चित्र रंगवणारा, अमेरिकेत त्याची कॅसेट-डीव्हीडी कधी काढली नाही, डिस्ने प्लसवर पण नाही. सगळं मान्य, बदलायलाच हवी होती राईड, मी कधी जुनी परत आणा म्हणलोय? तो वेगळा विषय आहे, त्यावर लिहिणारे माझ्यापेक्षा जाणकार लोक आहेत. टोकियोच्या डिस्नेलँडमध्ये जुनी अजून चालू आहे, त्यांना जाऊन विचारा. "सोयीस्कर गाळलंत" हा शब्द मात्र टोचला. लेख गोष्टीबद्दल होता, सगळं जग एका लेखात कसं कोंबणार.

आणि तुम्ही विचाराल त्याआधीच सांगतो, हो, माझी मुलगी नव्या राईडमध्ये त्या दिवशी तीनदा बसली आणि हॉटेलवर जाईपर्यंत गाणं म्हणत होती. ती आठ वर्षांची आहे. तिला तो मोर पण आवडला असता.

कमेंट मी उडवणार नाही, राहू दे तशीच. फक्त ती पुस्तकाची ओळ जमलं तर काढा. नसेल काढायची तर निदान कुठलं पुस्तक ते तरी लिहा.