कुंद्री, कुंद्री!

घरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीनं कमरेची वाट लावली म्हणून मागच्या महिन्यात बेळगावच्या खडेबाजारात गेलो. दुकानात मनात भरली ती एकच. जाळीची पाठ, खाली लोखंडी पंचपाय. आणि तिच्यात एक काका बसलेले, मांडीवर कुंदा मिठाईचा बॉक्स.

"मी गिऱ्हाईक नव्हे ओ. मंडळी समोर साड्या बघायलीत. तुम्ही बघा की निवांत."

"मला हीच बघायची होती."

"ही? ही नको. पाठीला टोचते," म्हणत काका आणखी रेलले.

मालक मला भलत्याच खुर्च्यांकडं ढकलत "कुंद्री, कुंद्री सर" करत होता, म्हणजे कन्नडमध्ये बसा, बसा. बसलो एका रेक्झीनच्या खुर्चीत. बेळगावच्या पावसाळ्यात हे रेक्झीन सापाच्या कातीसारखं सुटतं, हे मला ठाऊक होतं. तरी बसलो. काकांनी जागेवरूनच तपासणी सुरू केली.

"तळवे जमिनीला टेकले? गुडघ्यामागं दोन बोटं घाला बघू."

घातली. शिरेनात.

"बैठक खोल झाली तुम्हाला. पायाला मुंग्या येणार." च्यायला, म्हातारा बरोबर बोलत होता, याचाच जास्त राग आला. "वजन किती तुमचं?"

भर दुकानात! तीन माणसं वळली. "ब्याण्णव," मी पुटपुटलो.

"अगाई! ओ मालक, यांना लोखंडी पायाचीच द्या. नायलॉनचा तडकतो."

"लोखंडी पायाची तुमच्या खाली आहे काका."

"होय की. मंडळी येऊ देत, उठतो."

1956 पासून सीमाप्रश्नाच्या निकालाची वाट बघणाऱ्या गावातला माणूस मी. पाऊण तास म्हणजे काय! थांबलो. मंडळी आल्या, काकांना उठवलं, स्वतः बसल्या, एक गिरकी घेतली आणि म्हणाल्या, "बरी आहे ओ ही. घेऊया की आपल्याला."

एकच नग होता. रिक्षात खुर्ची चढवताना काकांनी मला हात केला. टोचते म्हणे!

मी नायलॉनच्या पायाची घेऊन आलो. पाय अजून शाबूत आहे, पण आठव्या दिवसापासून खुर्ची बसल्या बसल्या खाली जाते. नळीतला गॅस गळतोय. ऑफिसच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये परवा मी बोलता बोलता मावळलो. कार्ड काढून वाचलं. गॅसची नळी वॉरंटीत नाही, चाकं नाहीत, जाळी नाही. आहे ती फक्त फ्रेम, म्हणजे जे मोडतच नाही तेवढंच. पैसे मात्र अख्ख्या खुर्चीचे घेतले होते.

दुकानात फोन लावला. सगळं ऐकून घेऊन मालक म्हणाला, "ब्याण्णववाले सर ना तुम्ही?"